भीक कोणाची, दक्षिणा कोणाची?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

मी एक शाळामास्तर आहें. खडू, फळा आणि चाळीस-पन्नास पोरें एवढाच माझा प्रपंच. राजकारणाच्या चुलीवर माझी डाळ शिजत नाहीं आणि शिजावी अशी इच्छाही नाहीं. परंतु एका पोरानें वहींत लिहिलेली एक ओळ गेले कित्येक दिवस डोक्यांतून जात नाहीं, म्हणून ही लेखणी हातीं धरली आहे.

भाषेच्या तासाला मीं "स्वावलंबी" हा शब्द फळ्यावर लिहिला आणि प्रत्येकानें तो आपापल्या वाक्यांत योजावा असें सांगितलें. कोणीं लिहिलें, मुंगी स्वावलंबी आहे. कोणीं लिहिलें, माझी ताई स्वावलंबी आहे. आणि एका मुलानें लिहिलें: "माझे आजोबा स्वावलंबी नाहींत, कारण त्यांना सरकारचे दोन हजार रुपये येतात."

त्या आजोबांस मी ओळखतों. आमची नारपोली एके काळीं भातखाचरांची. आज ती भिवंडी शहराच्या पोटांत गेली आहे. एका अंगाला मागांची खडखड, दुसऱ्या अंगाला मालानें भरलेलीं गोदामें. त्या गोदामांच्या रांगेमागें म्हाताऱ्याचें दोन एकर खाचर अजून शिल्लक आहे. सत्तरी उलटली तरी तो आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलांत वांकलेला दिसतो. राब भाजणें, बांध घालणें, कापणी, झोडणी, सारें त्याच्या हातचें. जन्मांत दुसऱ्याच्या ताटांतला घांस त्यानें उचलला नाहीं. आणि त्याचा नातू लिहितो कीं आजोबा परावलंबी आहेत!

हें पोराला कोणीं शिकविलें? मीं तर शिकविलें नाहीं. मग आठवलें. कांहीं दिवसांपूर्वीं ध्वजवंदनाला एक पाहुणे आले होते. मोटारींतून उतरले, हार घातला, स्वावलंबनावर अर्धा तास बोलले. शेतकऱ्याला फुकटाची चटक लागली आहे, सरकारपुढें हात पसरण्याची संवय मोडली पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. पोरें जमिनीवर बसून ऐकत होतीं. भिंतीलगत चार-दोन म्हातारे उभे होते, त्यांनींही सर्वांबरोबर टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांचें मला जास्त दुःख झालें. शिवी देणारा शिवी देऊन जातो. जो तिला आशीर्वाद समजून मान लववितो त्याला जागें कोणीं करावें?

वाचकहो, आपल्या बापजाद्यांच्या अनुभवाची एक गोष्ट आठवा. एकच पैसा. तो सोवळें नेसलेल्याच्या ओंजळींत पडला तर त्याचें नांव दक्षिणा. लंगोटी लावलेल्याच्या हातांत पडला तर त्याचें नांव भीक. दक्षिणा घेणारा घेऊन वर पाय पुढें करी आणि देणारा त्या पायांवर डोकें ठेवी. भीक घेणाऱ्यानें मात्र अंगणाबाहेर उभें राहावें. पैसा तोच, खोटें नांवांत होतें. ती पोथी गेली, परंतु पोथीची युक्ति गेली नाहीं. आतां ती युक्ति राजकारणाच्या व्यासपीठावर आणि अर्थशास्त्राच्या भाषेंत चालते. पहा तर खरें.

२०२० च्या १२ मे रोजीं पंतप्रधानांनीं "आत्मनिर्भर भारत" ही घोषणा केली आणि २० लाख कोटी रुपयांच्या मदतीचा आकडा सांगितला. त्या आत्मनिर्भरतेसाठीं चौदा उद्योगांतील कारखानदारांना उत्पादन वाढविल्याबद्दल तिजोरींतून पैसे देण्याची योजना निघाली; तिची रक्कम सुमारें १ लाख ९७ हजार कोटी. तिला भीक कोणीं म्हटलें? नाहीं, तिचें नांव "प्रोत्साहन". त्याआधीं २० सप्टेंबर २०१९ रोजीं कंपन्यांवरील प्राप्तीचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यानें वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचें उत्पन्न सुटेल, असें सरकारनेंच सांगितलें. त्याचें नांव "सुधारणा". सबंध देशांतल्या शेतकऱ्यांच्या सन्मान निधीला वर्षाला लागतात साठ हजार कोटींच्या आसपास; म्हणजे कंपन्यांच्या त्या एका सवलतीच्या निम्म्याहून कमी. बँकांनीं दहा वर्षांत १६ लाख ३५ हजार कोटींचीं बुडीत कर्जें वहींतून काढलीं, हा आकडा २०२५ च्या मार्चांत संसदेंत दिला गेला. त्यांत मोठा वांटा मोठ्या उद्योगांचा. त्याचें नांव "निर्लेखन". निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असें सांगतात. बरें, तसें असेल. मग शेतकऱ्याचें कर्ज थकलें कीं दारावर नोटीस कां लागते? त्याला असा गोड शब्द कां सांपडत नाहीं?

आणि मुंबई? शहापूर तालुक्यांत तानसा, भातसा, मोडकसागर हीं धरणें. तानसा १८९२ सालचें. त्यांचें पाणी आमच्या भिवंडी तालुक्याच्या छातीवरून माणूस उभा राहील एवढ्या जाड नळांतून मुंबईस जातें. ज्या शहापुरानें जमीन दिली, त्याच शहापुराच्या पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेला लागतात. शंभर वर्षांहून अधिक काळ दुसऱ्याच्या दारचें पाणी पिणारी मुंबई परावलंबी आहे, असें कोणत्या सभेंत ऐकलें आहे काय? मुंबईकर तहानेला राहावा असें मी म्हणत नाहीं. तेथें आपलींच माणसें चाळींत राहतात. मी इतकेंच म्हणतों कीं, हिशेब मांडायचा तर एकाच तराजूनें मांडा.

आतां शेतकऱ्याची "भीक" किती तें मोजूं. केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, राज्याच्या नमो निधीचे ६,०००; मिळून १२,०००. दिवसाला पुरते तेहतीस रुपयेही पडत नाहींत. तेवढ्यासाठीं कोणी आवणी सोडून ओसरीवर पडून राहिला असेल तर त्याला मला दाखवा. शिवाय ही रक्कम सातबारावर नांव असेल त्याला. जो दुसऱ्याची जमीन खंडानें कसतो, जी मजुरीनें आवणी करते, त्यांच्या हातीं त्यांतला रुपयाही नाहीं.

त्याच्या उलट बाजूला काय आहे? पोरांना घालतों तसेंच एक साधें गणित घालतों. २०२५-२६ च्या हंगामाला साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये. राष्ट्रीय शेतकरी आयोगानें, ज्याला लोक स्वामिनाथन आयोग म्हणतात, २००६ सालीं सांगितलें कीं, उत्पादन खर्चावर निदान पन्नास टक्के चढवून भाव द्यावा. सरकार म्हणतें, आम्ही तसा देतों. पण कोणत्या खर्चावर? रोकड खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी, एवढ्यावर. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचें व्याज त्यांत नाहीं. दुकानदार आपल्या गाळ्याचें भाडें खर्चांत धरतो कीं नाहीं? शेतकऱ्याचें मात्र धरायचें नाहीं! तें धरलें तर भाव होतो ३,१३५ रुपये. फरक क्विंटलला ७६६. आतां आमच्या म्हाताऱ्याच्या दोन एकरांतून खाण्याचें व बियाण्याचें ठेवून सोळा क्विंटल भात विकायला निघालें असें धरा. सोळा गुणिले ७६६ म्हणजे १२,२५६ रुपये. पाहिलेंत? उजव्या हातानें १२,००० दिले, डाव्या हातानें १२,२५६ आधींच काढून घेतले होते. आणि हें आधारभूत किंमत पदरांत पडली तर! पुष्कळांना आवणीची उसनवारी फेडण्यासाठीं खळ्यावरूनच व्यापाऱ्याला त्याहून कमी भावानें भात घालावें लागतें.

कोणी म्हणेल, मास्तर, बोनस विसरलांत. विसरलों नाहीं. राज्यानें २०२२-२३ च्या हंगामाला हेक्टरीं १५,००० आणि पुढच्या हंगामाला २०,००० रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेंत आणि नोंदणी केली त्याला. मिळाले त्यांचें भलें झालें. परंतु बोनस ही मर्जी आणि दाम हा हक्क. मालकाची मर्जी आहे तोंवर चाकराच्या घरीं दिवा. हक्क असेल तर दिव्याला कोणाचें तोंड पाहावें लागत नाहीं.

बरें, भाव नको तर नको, निदान बाजारांत आमचा आम्हांला मोकळा सोडा! तेंही नाहीं. तांदळाला परदेशांत मागणी आली तेव्हां २०२३ च्या २० जुलैला साध्या पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती २०२४ च्या सप्टेंबरअखेर उठली. नाशिकच्या कांद्यावर २०२३ च्या ऑगस्टांत ४० टक्के निर्यातकर बसविला, डिसेंबरांत निर्यातच बंद केली. ती २०२४ च्या मे महिन्यांत उघडली, पण कर पुन्हां बसवून. परदेशी कापसावर ११ टक्के आयातकर होता. तो २०२५ च्या १९ ऑगस्टला काढून टाकला आणि ती सूट पुढें वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत नेली, म्हणजे नेमका विदर्भाचा कापूस बाजारांत येण्याचे दिवस. भाव पडला कीं सांगायचें, बाजार आहे, सोसा. भाव चढला कीं म्हणायचें, थांबा, ग्राहक आहे. अशानें पोहणारा पाण्यांत पडला आहे, त्याचे हात बांधले आहेत आणि कांठावरून व्याख्यान चाललें आहे, "बाबा रे, स्वतःच्या बळावर पोहायला शीक!"

हें केवळ माझें रडगाणें नव्हे. २०१८ सालीं पॅरिस येथील आर्थिक सहकार व विकास संघटना आणि दिल्लीची एक अभ्याससंस्था यांनीं मिळून हिशेब केला. खत, वीज, पाणी यांचीं सारीं अनुदानें जमेस धरूनही त्यांना असें आढळलें कीं, २०००-०१ पासून २०१६-१७ पर्यंत भारताच्या शेतकऱ्याला मदत मिळाली नाहीं. उलट त्याच्या एकंदर उत्पन्नाच्या सरासरीनें १४ टक्के इतका भार त्याच्यावर पडला. म्हणजे देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण?

खताचेंही तसेंच. युरियाची ४५ किलोची गोण शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांला मिळते, बाकीचा खर्च सरकार भरतें, हें खरें. पण तो पैसा कोणाच्या खात्यावर जातो? खताच्या कंपन्यांच्या. नांव कुणब्याचें आणि हुंडी कंपनीची. उलट कीटकनाशकाच्या बाटलीवर शेतकरी १८ टक्के वस्तुसेवाकर भरतो. व्यापाऱ्याला आपला भरलेला कर वजा करून घेतां येतो, शेतकऱ्याला येत नाहीं. पीक विम्याची गंमत तर विचारूंच नका. २०२३ सालीं राज्यानें एक रुपयांत विमा दिला. बाकीचा हप्ता सरकारनें विमा कंपन्यांना भरला. २०२५ च्या फेब्रुवारींत त्या वेळचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनीं त्या रुपयाच्या संदर्भांत भिकाऱ्याचा दाखला दिला. हल्लीं भिकारीही रुपया घेत नाहीं, अशा अर्थाचे ते बोल होते. पुढें त्यांचें खातें बदललें, रुपयाचा विमाही बंद झाला. शब्द मात्र शेतकऱ्याच्या अंगाला चिकटून राहिला. कोट्यवधींचा हप्ता घेणारी कंपनी त्या भाषणांत कोठेंच नव्हती!

दुसरा आक्षेप असा कीं, शेतकऱ्याला भाव दिला तर गरिबाची भाकर महाग होईल. आज ८१ कोटी लोकांना महिन्याला पांच किलो धान्य फुकट मिळतें. तें मिळावें, त्या रांगेंत आपलेंच मजूर, आपलेच मागकामगार उभे असतात. परंतु गरिबाला स्वस्त द्यायचें तें सबंध देशाच्या तिजोरींतून द्या. अन्नदानाचें पुण्य सरकारचें, फोटो पुढाऱ्याचा आणि धान्य मात्र पडत्या भावानें कुणब्याचें, हा कोणता धर्म?

मागवाल्या बांधवांनो, तुम्ही म्हणाल, कापूस स्वस्त झाला तर सूत स्वस्त होईल, मास्तर आमच्या पोटावर कां पाय देतो? देत नाहीं. भिवंडींत आपली स्थिति काय आहे? सूत व्यापाऱ्याचें, कापड व्यापाऱ्याचें. आपला फक्त माग, विजेचें बिल आणि घाम. मजुरीवर विणणाऱ्याला कापूस उतरल्याचा लाभ किती पोंचतो, हें आपणच एकदां बोटांवर मोजावें. विजेच्या दरांत सवलत मागायला आपण जातों तेव्हां हीच मंडळी आपल्यालाही "फुकटे" म्हणतात. कापूस पिकविणारा आणि कापड विणणारा यांना एकमेकांच्या उरावर बसवून मधला आपली पेढी चालवितो. सूत महाग असेल तर सरकारनें मागवाल्याला तिजोरींतून मदत करावी. यवतमाळच्या शेतकऱ्याचा खिसा कापून नारपोलीच्या विणकराला दिलेला रुपया आपणांस पचणार नाहीं.

मग आम्ही स्वावलंबनाचे वैरी आहोंत काय? मुळींच नाहीं. तो शब्द आमचाच आहे. व्यासपीठावरच्यांनीं तो आमच्या घरांतून नेला. परंतु त्याचा अर्थ काय हें आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. महात्मा जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला. त्यांत शेतकऱ्यानें सरकारकडे पाहूं नये असें सांगितलें आहे काय? उलट, पोलीस व पलटणींतल्या शिपायांच्या हातून बंधारे व तलाव बांधवून पावसाचें पाणी शेतांत मुरवावें, असें त्यांनीं सरकारला बजावलें. आणि त्याच लेखणीनें शेतकऱ्यांच्या पोरांना विद्या द्या म्हणून सांगितलें. १९३३ सालीं अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखालीं कुळांनीं खोतांच्या जमिनी कसणें सोडलें. सुमारें सहा वर्षें संप चालला. घरांत दाणा नाहीं, पोरें उपाशी, तरी खोताच्या बांधावर पाय ठेवला नाहीं. याला म्हणतात स्वावलंबन! आणि त्या स्वावलंबी माणसांनीं मागितलें काय? कायदा. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांची बाजू उचलून १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या कायदेमंडळांत आणलें. यावरून इतकें कळावें कीं, हक्क मागणें आणि हात पसरणें हीं दोन वेगळीं आहेत. ताठ कण्याचा माणूसच हक्क मागूं शकतो.

आतां थोडें कडू बोलतों, रागावूं नका. दोष सगळा वरच्यांचा नाहीं. आपल्याला "लाभार्थी" म्हणून पुकारतात आणि आपण हंसत फोटोला उभे राहतों. हप्ता आला कीं पुढाऱ्याचे उपकार मानतों, जणूं त्यानें घरचें जोंधळ्याचें पोतें दिलें. निवडणुकीच्या तोंडावर कोणी पाकीट पुढें केलें तर पांच वर्षांचें मत एका रात्रींत देऊन टाकतों, आणि मग कांदा पडला कीं बोटें मोडतों. गोदामवाल्याला जमीन दिली. आलेल्या पैशाची मोटार झाली, बंगला झाला, आणि हळदीच्या एका रात्रींत मंडप, दारू व कर्कश बाजा यांवर इतकें उडालें कीं सन्मान निधीचे कित्येक वर्षांचे हप्ते घातले तरी भरून निघणार नाहीं. पूर्वीं मालक होता तो आज त्याच गोदामाच्या फाटकावर रखवालीला बसला आहे, आणि त्याची पोरगी बारावीनंतर घरीं बसविली आहे. हें कोणत्या सरकारनें केलें? आणि शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांत आपल्याच आळींतून वर गेलेले पुढारी कमी नाहींत. ज्या चिखलांतून वर आले त्याच चिखलाची त्यांना घाण येते.

तेव्हां करायचें काय? पहिलें, घरांत वही घाला. बियाणें, खत, मजुरी, आपली व घरच्या बाईची मेहनत, सारें लिहा; ज्याला आपला खर्च ठाऊक नाहीं त्याला दाम मागतां येत नाहीं. दुसरें, सातबारावर बायकोचें नांव लावा. आवणी ती करते आणि शेतकरी मात्र तुम्ही एकटे, हा अन्याय आपल्याच घरांतला आहे. तिसरें, भात एकेकट्यानें खळ्यावरून विकूं नका; चार घरें मिळून साठवा, मिळून विका. चौथें, जो कोणी मत मागायला येईल त्याला तीन गोष्टी विचारा. पुरा खर्च धरून आधारभूत भावाचा कायदा करशील काय? निर्यात बंद केलीस तर होणारी नुकसानी भरून देशील काय? आणि आमच्या जिल्ह्यांतलें पाणी मुंबईला देऊन उरलेलें नव्हे, तर आधीं आमच्या पाड्यांना व शेतांना देशील काय? या तिहींला जो "होय" म्हणून लिहून देईल, त्याच्या तोंडीं स्वावलंबन शोभेल. तीं मिळालीं तर ते बारा हजार आम्ही आनंदानें परत करूं. तोंवर जें मिळतें तें घेतांना मान खालीं घालण्याचें कारण नाहीं; कापलेल्या खिशांतलें थोडेंसें परत येत आहे, इतकेंच समजा.

त्या मुलाच्या वहींत मीं अजून बरोबरची खूण केली नाहीं आणि चुकीचीही केली नाहीं. व्याकरणाला वाक्य शुद्ध आहे. अर्थाला तें खोटें आहे. उद्यां त्याला जवळ बोलावून सांगणार आहें कीं, बाळा, येत्या आवणीला आजोबांबरोबर एक दिवस खाचरांत उतर. संध्याकाळीं पाठ सरळ होईना झाली म्हणजे वही काढ, आणि मग हेंच वाक्य पुन्हां लिही. या वेळीं मात्र त्यांतला "नाहींत" हा शब्द तुझा तूंच तपासून पहा.

आपला,
नारपोलीचा एक शाळामास्तर